परवान्याने शिकार केली तर लांडगे टिकतात की संपतात?

सत्तरीची_लेक

नमस्कार. प्रश्न लांडग्यांचा आहे, पण तो माझ्यापर्यंत रानडुकरांच्या वाटेने आला, म्हणून आधी ते सांगते.

आमचं गाव गोव्यातल्या सत्तरीत, म्हादई अभयारण्याच्या कडेला. बाबांचं छोटं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, वर डोंगरावर काजू आणि खाली वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, भात. यंदा भात पोटरीला आलं आणि तीन रात्रींत डुकरांनी अर्धी शेतं लोळवली. बाबा एकसष्ट वर्षांचे. रात्रभर माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतात, पहाटे चारला येऊन पडतात आणि सातला परत पोफळींच्या पाण्याला जातात. मी पणजीला नोकरी करते. शनिवारी कदंबच्या बसने वाळपईला उतरून घरी पोचते तेव्हा त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

गेल्या ग्रामसभेत हाच विषय निघाला. एक गृहस्थ उठून म्हणाले, "अमेरिकेत लांडगे मारायचे परवाने देतात. किती मारायचे तो कोटा आधीच ठरतो, तेवढेच मारतात, आणि तरी लांडगे टिकून आहेत. मग आपल्याकडे डुकरांचे परवाने का नाहीत? आणि गुरं उचलणाऱ्या वाघ-बिबट्यांचे का नाहीत?" टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या. मी गप्प राहिले, कारण त्यातलं खरं किती ते मलाच माहीत नव्हतं.

डुकरांचं मला कळतं. वाघाचं नाव निघालं तेव्हा मात्र पोटात गोळा आला. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला चार वाघ विषाने मेले, एक वाघीण आणि तिचे बछडे. ती बातमी आली त्या संध्याकाळी आमची आजी वाघ्रोच्या, म्हणजे आमच्याकडच्या वाघदेवाच्या, पाषाणापुढे दिवा लावून रडली होती. तिच्या स्वतःच्या दोन गाई वाघाने नेल्या होत्या, तरी रडली.

पुढची सभा पंधरा दिवसांनी आहे. कोटा ठरवून, परवाने देऊन केलेल्या शिकारीने लांडग्यांचं नेमकं काय होतं, हे कुणाला नीट ठाऊक असेल तर सांगा. मला कुठल्या बाजूचं भाषण नको. खरं असेल ते हवं, बाबांच्या विरुद्ध जाणारं असलं तरी चालेल.

---

सांगेचा_बागायतदार

ताई, मी तुमच्या बाबांच्याच जागी आहे. माझी दीडशे केळी एका आठवड्यात गेली. केरळात २०२२ मध्ये पंचायतीच्या प्रमुखालाच डुकरं मारायची परवानगी देण्याचे अधिकार दिले. आपल्याकडे अर्ज घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरायचं, तोवर पीक संपतं. लांडगा मी जन्मात पाहिला नाही. पण माणसाने आपलं अन्न राखायचं की नाही? त्या गृहस्थांचं मला पटतं.

---

गुरांचा_डॉक्टर

बाय, ग्रामसभेत सांगितलं गेलं ते अर्धं खरं आहे. खरं अर्धं आधी सांगतो.

लांडगा चिवट जनावर आहे. कळपात वर्षाला बहुधा एकच मादी विते, चार ते सहा पिल्लं होतात. भक्ष्य मुबलक आणि जागा मोकळी असली की संख्या भराभर वाढते, त्यामुळे दरसाल काही मारले गेले तरी ते भरून निघतं. किती मारले तर भरून निघतं यावर जाणकारांत एकमत नाही. उत्तर अमेरिकेतल्या जुन्या अभ्यासांतून वर्षाला २२ ते २९ टक्के असे आकडे आले, तर पुढे काहींनी तेच आकडे पुन्हा तपासून ही मर्यादा बरीच खाली धरली. मोंटाना आणि आयडाहो या राज्यांत २००९ पासून परवान्याने शिकार चालू आहे, मध्ये एक हंगाम न्यायालयाच्या निकालाने थांबला होता. मोंटानाचा सरकारी अंदाज त्यानंतरही हजाराच्या आसपासच राहिला. तेव्हा परवाना दिला की लांडगे नाहीसे झाले, असं सभेत कुणी म्हणालं तर तेही चूक ठरेल. तुम्ही तसं म्हणू नका.

आता उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते वजन इथेच आहे.

लांडग्यांचा कळप म्हणजे कुटुंब. आई, बाप, यंदाची पिल्लं, गेल्या सालची मोठी झालेली पोरं. कोट्याच्या कागदावर या सगळ्यांची किंमत सारखीच, एक डोकं. रानात ती सारखी नसते. वर्षभराचं पोर मेलं तर कळप चालत राहतो. आई किंवा बाप मेला तर कळप फुटू शकतो. अमेरिकेतल्या पाच राष्ट्रीय उद्यानांतल्या लांडग्यांवर, म्हणजे यलोस्टोन, डेनाली वगैरे, २०२३ मध्ये एक अभ्यास आला. हे लांडगे उद्यानात सुरक्षित असतात, हद्दीबाहेर पाऊल पडलं की गोळी, फास किंवा गाडी. माणसाच्या हातून कळपातला एक जरी मेला तरी तो कळप वर्षअखेरपर्यंत टिकण्याची शक्यता २७ टक्क्यांनी घटली, पिल्लं होण्याची २२ टक्क्यांनी. मेलेला कळपाचा म्होरक्या असेल तर घट याहून पुष्कळ मोठी. आणि हे सगळं चालू असताना उद्यानातल्या लांडग्यांची एकूण संख्या मात्र फारशी हललेली दिसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

स्वीडनचं उदाहरण याहून नाजूक. तिथे लांडगे जवळजवळ संपले होते. आजचे बहुतेक लांडगे १९८० च्या दशकात पूर्वेकडून आलेल्या एका जोडीचे आणि १९९१ च्या सुमारास येऊन मिळालेल्या एका नराचे वंशज. तो एक नर आला म्हणून त्या वंशात जीव आला. त्यामुळे तिथे परवान्याच्या गोळीने कुठला लांडगा पडतो याला फार महत्त्व आहे. बाहेरचं रक्त घेऊन आलेला एक गेला तर शंभरांची भरतीही ती जागा भरत नाही.

मला हे समजायला पुस्तकं नंतर मिळाली, आधी मेंढपाळ मिळाले. शिरवळला पशुवैद्यकीय शिकत होतो तेव्हा सासवड-जेजुरीच्या माळावर धनगरांच्या वाड्यांवर लसी टोचायला जायचो. आपल्या दमट रानात लांडगा नाही, तो त्या माळाचा, काटवनाचा प्राणी. एका पहाटे वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, उचकटलेली होती आणि बारा-तेरा मेंढरं मान फोडून पडली होती, खाल्लेली जेमतेम एक. मी विचारलं, हे नेहमीचं का? म्हातारा म्हणाला, नाही. इथलं जुनं जोडपं यायचं, एखादं कोकरू उचलून जायचं. पल्याडच्या गावाने त्यांच्या बिळात धूर केला, मादी मेली. त्यानंतर ही पोरं भटकतात, त्यांना मारता येतं पण उचलता येत नाही. एका म्हाताऱ्याचं बोलणं म्हणजे शास्त्र नव्हे हे मला कळतं. पण त्या सकाळी टाके घालताना ते माझ्या मनात बसलं ते बसलंच.

शास्त्रातही यावर जोराचा वाद झाला आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी २५ वर्षांची आकडेवारी मांडून म्हटलं की लांडगे मारले त्याच्या पुढच्या वर्षी गुरांवरचे हल्ले उलट वाढले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने तेच आकडे वेगळ्या रीतीने तपासून म्हटलं, वाढले नाहीत, कमी झाले. म्हणून तो अभ्यास सभेत वापरू नका, कुणीतरी खोडून काढील. त्यापेक्षा स्लोव्हाकियाचा वापरा. तिथे २०२१ पर्यंत कोटा ठरवून शिकार होती. २०१४ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या तेव्हा जास्त लांडगे मारल्याने मेंढरांचं नुकसान कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही.

आपल्या देशानेही हा प्रयोग करून पाहिला आहे, आणि तो फार मोठा होता. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामासाठी ८०,००० वाघ, १,५०,००० बिबटे आणि २,००,००० लांडगे मारले गेले. सरकारी खजिन्यातून पैसे देऊन, कातडं दाखवून, वहीत नोंद करून. नियम तिथेही होते. आज देशभरात लांडगे सुमारे तीन हजार उरले असतील, वाघांपेक्षाही कमी.

---

डिचोली_ते_मॅडिसन

मी मूळची डिचोलीची, गेली आठ वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहते. ग्रामसभेतल्या त्या गृहस्थांना "तेवढेच मारतात" याबद्दल २०२१ चा फेब्रुवारी सांगा. मी इथेच होते.

त्या जानेवारीत अमेरिकेच्या केंद्र सरकारने लांडग्यांवरचं संरक्षण काढलं. इथल्या राज्याचा कायदा असा की संरक्षण नसेल तर शिकारीचा हंगाम घ्यावाच लागतो. राज्याचं खातं म्हणत होतं, नोव्हेंबरपर्यंत थांबू, तयारी करू. शिकाऱ्यांची एक संघटना न्यायालयात गेली आणि हंगाम लगेच घ्या असा आदेश आला. घाईघाईने कोटा ठरला २०० चा. त्यातले ८१ ओजिब्वे या आदिवासींच्या वाट्याचे, कारण जुन्या करारांनी त्या जमिनीवर त्यांचाही हक्क आहे. त्यांनी आपल्या वाट्याचा एकही मारायचा नाही असं ठरवलं. उरले ११९, आणि परवाने विकले दीड हजारांवर.

हंगाम सोमवारी सुरू झाला, आठवडाभर चालायचा होता. बर्फ पडलेलं, म्हणजे माग अगदी स्वच्छ. कुत्री सोडायला मुभा. आणि महिना फेब्रुवारी, लांडग्यांचा जोड्यांचा काळ, म्हणजे डॉक्टर म्हणतात त्या आया नेमक्या त्याच वेळी. शिकार थांबवायची तर शिकाऱ्यांना चोवीस तास आधी सूचना द्यावी लागते, असा नियम. खात्याच्या लक्षात आलं की आकडा पळतोय, त्यांनी बंदीची सूचना काढली, पण ती लागू होईपर्यंत बंदुका चालूच. तीन दिवस पुरे व्हायच्या आत २१८ लांडगे. ठरलेल्यापेक्षा ९९ जास्त. आणि यातले बरेचसे बेकायदा मुळीच नव्हते, परवाना खिशात होता. चूक शिकाऱ्याची कमी, थांबवायच्या यंत्रणेची जास्त.

त्या आधी राज्यात हजार-अकराशे लांडगे मोजले होते. पुढच्या हिवाळ्यात सरकारी अंदाज ९७२ वर आला. विद्यापीठातल्या संशोधकांनी तर म्हटलं की घट पाव हिश्शाहून मोठी आहे, कारण संरक्षण उठलं की चोरटी शिकारही वाढते आणि ती कुठल्याच वहीत येत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने संरक्षण परत आणलं.

माझ्याबरोबर काम करणारी एक बाई ओजिब्वे आहे. त्यांच्या भाषेत लांडगा म्हणजे माइंगन. पहिला माणूस आणि माइंगन भाऊ होते, दोघांनी मिळून पृथ्वी पालथी घातली, आणि एकाचं जे होईल ते दुसऱ्याचं होईल, अशी त्यांची कथा. त्या आठवड्यात ती दुपारी जेवली नाही. मला तेव्हा आमच्या गावच्या सीमेवरचा वाघ्रो आठवला. आणि आता ताईंच्या आजीचं वाचून तो आठवडा पुन्हा आठवला.

---

सांगेचा_बागायतदार

डॉक्टर, मॅडिसनच्या ताई, वाचलं. दोनदा वाचलं. विस्कॉन्सिनचं मला माहीत नव्हतं. वाघाच्या परवान्याचं मी मागे घेतो. पण तुम्ही दोघं लांडग्यावर बोललात आणि माझी केळी खाल्ली डुकराने. डुकरालाही आई-बाप-कळप लावणार का?

---

गुरांचा_डॉक्टर

नाही लावणार. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि सभेत तो वेगळाच काढायला हवा. तिथे दोन जनावरं एका वाक्यात बांधली गेली, गोंधळ तिथेच झाला.

लांडग्याच्या कळपात बहुधा एक मादी विते, डुकरांत वयात आलेली प्रत्येक. गाभण काळ चार महिन्यांच्या आत, एका वेताला चार-सहा पिल्लं सहज, आणि त्यातली मादी वर्षभरात स्वतः वयात यायला लागते. म्हणून थोडी डुकरं मारून काही फरक पडत नाही, जागा लगेच भरते. रानात डुकरांना जे आवरतं ते वाघ, बिबट्या आणि कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे. म्हादई, नेत्रावळी, खोतीगावच्या रानात कोळसुंद्यांचे कळप आहेत, आणि त्यांचं कुटुंब लांडग्यासारखंच एका वीण घालणाऱ्या जोडीवर उभं असतं. लांडग्याचा धडा आपल्याकडे कुणाला लागू करायचाच असेल तर तो कोळसुंद्याला लागतो, डुकराला नाही. गुरांसाठी ठेवलेलं विष कोळसुंदाही खातो.

कायदाही या दोघांत फरक करतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. म्हणजे दार आहे, ते उघडायला उशीर लागतो ही तुमची तक्रार खरी. वाघ, बिबट्या, लांडगा हे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. तिथे माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरं न होण्याइतकं जखमी, आजारी असेल तरच. गाय मारली हे कारण पुरत नाही.

आणि गाय मारली त्या घराचं काय, हे मी पाहिलं आहे. वाघाने मारलेल्या गुरांचे पंचनामे मी केलेत. एका घरात दुभती म्हैस गेली, माझा दाखला तिसऱ्या दिवशी दिला, पैसे आले चौदा महिन्यांनी. मधल्या काळात त्या बाईने दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढून मुलाची फी भरली. ती मला म्हणाली, "डॉक्टर, वाघ एक दिवस आला, कागद वर्षभर येतायत." तिने कधीच विष ठेवलं नसतं. पण ठेवणाऱ्याच्या मनात काय चालतं ते मला त्या ओट्यावर बसून कळलं. भरपाई महिन्याभरात हातात पडली असती तर गोळावलीचं काय झालं असतं, हा प्रश्न मी आजही मनातून काढू शकत नाही.

सत्तरीची लेक, तुम्हाला सभेत विचारायचंच असेल तर परवाना हवा की नको हे विचारू नका, त्यावर पुन्हा टाळ्याच पडतील. आपल्या गावच्या रानात डुकरं किती, हे कुणी मोजलंय का? पाच मारायची ठरली तर सहाव्याला बंदूक कोण खाली ठेवायला लावणार, आणि किती तासांत? विस्कॉन्सिनकडे गाड्या, फोन, हिवाळ्यातली मोजणी, सगळं होतं आणि तरी ९९ जास्त गेले. बाबांना एक वही द्या. तारीख, कुठला कुणगा (भाताचा वाफा), किती भात लोळलं, खुरांचे ठसे कुठून आले, कुठे गेले. फोटोत शेजारी माप म्हणून कोयता ठेवा. पंचनाम्याला मी गेलो की हेच शोधतो आणि हेच कुठे मिळत नाही.

---

सत्तरीची_लेक

डॉक्टर, मॅडिसनच्या ताई, सांगेचे दादा, तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. विस्कॉन्सिनच्या तीन दिवसांशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, "आणि त्या आदिवासींनी आपल्या वाट्याचे खरंच मारले नाहीत?" मी म्हटलं, नाही. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

डुकरांचा अर्ज आम्ही करणार आहोत, ते त्यांनी सोडलेलं नाही आणि मीही सोडा म्हणणार नाही. पण वाघाचा विषय त्यात घालायचा नाही, हे ते सभेत स्वतः उठून सांगणार आहेत. त्यांना चारचौघांत बोलायची सवय नाही, म्हणून आज दुपारी कुळागरात पाणी सोडताना मोठ्याने बोलून बघत होते.

वही आणली. पहिली पानं त्यांच्याच अक्षरात आहेत: "शनिवार, रात्री दोन. ओहळाच्या अंगाने आली, सात मोठी, पिल्लं मोजता आली नाहीत. खालचे दोन कुणगे. डबा वाजवला तशी पोफळींतून पळाली. कोयत्याचा फोटो सकाळी लेकीने काढला."

मोजणीबद्दल वनखात्याला विचारायला उद्या वाळपईला जाते. काय सांगतात ते इथेच लिहीन.